पैसे आले का?

आमच्याकडे शनिवारी आठवडी बाजार भरतो. तिथे एक मावशी गोणपाटावर पालेभाजी मांडून बसतात. तराजूच्या मागे, कोथिंबिरीच्या ढिगाला टेकून त्यांचा स्कॅनर उभा असतो. (खरं तर तो क्यूआर कोड, स्कॅन करतो तो आपला फोन. पण अख्खा बाजार त्याला स्कॅनर म्हणतो, तेव्हा मीही तेच म्हणणार.) कार्डावरचं प्लास्टिक एका कोपऱ्यात पाणी शिरून फुगलंय. गेल्या शनिवारी मी मेथीच्या दोन जुड्या घेतल्या आणि तीस रुपये पाठवले. मावशींनी माझ्या फोनकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शेजारचा डबा ‘तीस रुपये’ असं बोलला, तशी मेथी माझ्या पिशवीत पडली.

मावशींना वाचता येत नाही. बँकेत त्या एकट्या जात नाहीत. तरी निम्मं गिऱ्हाईक त्यांना फोनवरून पैसे देतं. हे कसं झालं याचं उत्तर विचारलं की दहातले आठ जण म्हणतात, ‘नोटबंदी.’ तिथूनच सुरुवात करू.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या. चलनात असलेल्या रकमेपैकी ८६ टक्के रक्कम याच नोटांची होती. यूपीआय तेव्हा अगदी तान्हं होतं. रिझर्व्ह बँकेचे त्या वेळचे गव्हर्नर रघुराम राजन यांनी ११ एप्रिल २०१६ ला मुंबईत त्याची सुरुवात केली होती आणि बँकांची ॲप लोकांच्या हातात यायला ऑगस्टअखेर उजाडली. ऑक्टोबर २०१६ मध्ये यूपीआयवर महिन्याला जेमतेम लाखभर व्यवहार झाले. डिसेंबरात वीस लाखांच्या आसपास. उडी डोळ्यात भरणारी आहे, पण एवढ्या मोठ्या देशात महिन्याला वीस लाख व्यवहार म्हणजे दर्या में खसखस. ऑगस्ट २०२५ मध्ये हाच आकडा महिन्याला दोन हजार कोटींच्या पुढे गेला. वीस लाखांपासून दोन हजार कोटींपर्यंतचा रस्ता नोटबंदीने बांधलेला नाही. तेव्हा नोटा नव्हत्या म्हणून लोकांनी फोन धरला. नंतर नोटा मुबलक असताना लोकांनी फोन सोडला नाही. समजून घ्यायचं आहे ते हे दुसरं.

नुसत्या रेट्याने काय होतं ते पाहायचं तर ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातलं धसई आठवावं. १ डिसेंबर २०१६ ला हे गाव महाराष्ट्रातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून गाजावाजा करून जाहीर झालं. दुकानदारांना कार्ड घासायची मशीन मिळाली, मंत्री आले, कॅमेरे आले. नंतर पत्रकार पुन्हा गेले तेव्हा गावाचा व्यवहार रोखीवर परतला होता. गावकऱ्यांना आडमुठं म्हणण्यात अर्थ नाही. मशीन चालायला दुकानदाराकडे खातं, रेंज आणि वीज लागते, गिऱ्हाइकाकडे कार्ड लागतं आणि प्रत्येक विक्रीमागे थोडी टक्केवारी सोडायची दुकानदाराची तयारी लागते. दहा रुपयांच्या साबणावर दुकानदाराला सुटतातच किती?

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची, बाकीचं सगळं तिच्याभोवती फिरतं. रोख सोडायची की नाही हे देणारा ठरवत नाही, घेणारा ठरवतो. माझ्या फोनमध्ये चार ॲप असली तरी मावशी ‘रोख द्या’ म्हणाल्या की विषय संपला. जाहिराती, कॅशबॅक, मंत्र्यांची भाषणं यांचा रोख बहुतेक वेळा देणाऱ्याकडे असतो. घेणाऱ्याची गणितं वेगळी असतात.

पहिलं गणित म्हणजे समोर कोण कुठल्या सोयीवर आहे. टेलिफोन एकट्याकडे असून उपयोग नसतो, दुसऱ्याकडेही लागतो. पैशाचंही तसंच. २०१६-१७ मध्ये वॉलेटचा जोर होता. वॉलेट म्हणजे एका कंपनीची बंद पेटी. आधी बँकेतून त्यात पैसे भरायचे आणि मग ज्याच्याकडे त्याच कंपनीची पेटी आहे त्यालाच द्यायचे. रिक्षावाल्याकडे एक, किराणावाल्याकडे दुसरी, आपल्याकडे तिसरीच. यूपीआयने या भिंती पाडल्या. यात पैसे पेटीत भरावे लागत नाहीत, ते आपल्या बँकेतच असतात. ॲप म्हणजे फक्त निरोप्या. तो निरोप यूपीआय चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या यंत्रणेकडे जातो, ती आपल्या बँकेला ‘याचे तीस वजा कर’ आणि समोरच्या बँकेला ‘तिचे तीस जमा कर’ असं कळवते आणि काही सेकंदांत दोघांनाही उत्तर येतं. माझं ॲप एका कंपनीचं, मावशींचं दुसऱ्या कंपनीचं, बँका तिसऱ्या-चौथ्या. कुणाचं काही अडत नाही. पोस्टातून पत्र टाकताना पाकीट कुठल्या दुकानातून घेतलं हे कोण विचारतं?

सुरुवातीला यात २१ बँका होत्या. त्यांत आपली महाराष्ट्र बँक होती, ठाणे जनता सहकारी होती. जिल्हा मध्यवर्ती बँक मात्र एकही नव्हती. गावाकडे खातं असतं ते नेमकं जिल्हा बँकेत किंवा सोसायटीत. नोटबंदीतही १४ नोव्हेंबरपासून जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली होती. म्हणजे शहरातल्या माणसाच्या हातात नवी सोय आली, तेव्हा खेड्यातल्या माणसाच्या हातातली जुनीही गेली. ‘ग्रामीण भाग मागे राहिला’ असं सहज लिहिलं जातं. कुणी मागे ठेवला तेही लिहायला हवं.

नोटबंदीवर अर्थतज्ज्ञांनी केलेल्या अभ्यासांतली एक गोष्ट मला फार आवडली. नव्या नोटा सगळीकडे एकाच वेळी पोचल्या नाहीत. काही जिल्ह्यांत करन्सी चेस्ट, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या नोटा साठवणारी बँकांची कोठारं, जास्त होती आणि काहींत कमी. कमी असलेल्या जिल्ह्यांत टंचाई जास्त झाली आणि तिथल्या दुकानदारांनी वॉलेट जास्त संख्येने घेतली. मग नोटा परत आल्या. तरी या जिल्ह्यांतला वापर पूर्वीच्या पातळीवर उतरला नाही, वाढतच राहिला. कारण एव्हाना शेजारचा दुकानदारही घ्यायला लागला होता आणि गिऱ्हाईक विचारायला लागलं होतं. मात्र जी गावं वापर आधीच रुळलेल्या शहरांपासून लांब होती, तिथे हा परिणाम फिका पडला. टंचाईचा धक्का सगळ्यांना बसतो, पण धक्क्यानंतर कोण कुठे थांबतो हे शेजारावर ठरतं.

आता दुसरं गणित, ज्यावर अभ्यासक कमी लिहितात आणि बाजारात सगळे बोलतात. सुट्टे. एसटीने फिरलेल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. सत्तावीस रुपयांचं तिकीट, पन्नासची नोट आणि तिकिटाच्या मागे कंडक्टरने पेनाने लिहिलेले ‘२३’. उतरताना ते तेवीस मागायचे. गर्दीत विसरलो की गेले. किराणा दुकानात रुपयाच्या जागी गोळी मिळायची. घरात त्या गोळ्यांची एक बरणीच झाली होती. मावशींचं म्हणणं याहून थेट: ‘सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाने पाचशेची नोट काढली की माझी बोहनी राहायची. आता सत्तावीस म्हणलं की सत्तावीसच येतात.’ इतकी वर्षं दोन जुड्यांवर ‘असू दे गं’ म्हणून सुटणारे दोन-तीन रुपये आता सुटत नाहीत. महिन्याला ही रक्कम किती होते ते मावशींनी बोटांवर मोजून दाखवलं आणि हसल्या.

तिसरं गणित विश्वासाचं, आणि माझ्या मते खरी कलाटणी इथे मिळाली. नोट हातात पडली की पैसे मिळाले; बघायचं, चाचपायचं, गल्ल्यात टाकायचं. फोनवरचे पैसे दिसत नाहीत. सुरुवातीच्या वर्षांत प्रत्येक व्यवहारानंतर तोच सवाल यायचा, ‘आले का?’ दुकानदार हातातलं काम टाकून मेसेज शोधायचा. गर्दीच्या वेळी मेसेज पाच मिनिटांनी यायचा. काही महाभाग जुन्या व्यवहाराचा स्क्रीनशॉट दाखवून निघून जायचे. वाचता न येणाऱ्या माणसाने हा धोका का पत्करावा?

मग तो बोलका डबा आला. आत एक सिम, एक बॅटरी, एक स्पीकर. तंत्र म्हणून त्यात फार काही नाही. पण पावती डोळ्यांऐवजी कानाने मिळू लागली, तीही सगळ्यांसमोर, मावशींच्या भाषेत, भाजी निवडतानाही ऐकू येईल अशी. नोट जे काम करायची, म्हणजे देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एकाच क्षणी खात्री पटवायची, ते काम या डब्याने केलं. यूपीआयच्या कौतुकात सर्व्हर आणि सॉफ्टवेअरबद्दल रकाने भरून लिहिलं जातं. या प्लास्टिकच्या डब्यावर मी तरी फार कमी वाचलंय.

खर्चाचं गणित झटपट सांगते. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डवर दुकानदाराकडून टक्केवारी घ्यायची नाही, असा नियम आहे. कार्डाचं मशीन हजारोंचं, तर स्कॅनर म्हणजे छापील कागद. बँकांचा आणि ॲपवाल्यांचा खर्च अर्थात होतोच. त्यातला थोडा सरकार प्रोत्साहन म्हणून भरून देतं. २०२४-२५ साठी छोट्या दुकानदारांच्या दोन हजार रुपयांपर्यंतच्या व्यवहारांकरता १,५०० कोटींची तरतूद मंजूर झाली होती. म्हणजे फुकट हा यूपीआयचा स्वभाव नाही, तो घेतलेला निर्णय आहे. उद्या तो बदलला तर मावशी काय करतील, हे मी त्यांना विचारलं. ‘शेकड्याला रुपया गेला तरी स्कॅनर उलटा करून ठेवीन,’ म्हणाल्या.

याच्या जोडीला बाकीच्या तीन गोष्टी एकाच सुमारास जुळून आल्या. ऑगस्ट २०१४ पासून जनधन खाती उघडली गेली. ती २०२३ मध्ये पन्नास कोटींवर गेली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने सुरुवातीला फुकट आणि मग स्वस्त इंटरनेट आणलं. आणि स्मार्टफोन जुना का होईना, घरात एक तरी आला. खातं, नेट, फोन. यातलं एक नसतं तर बाकीची दोन वाया गेली असती.

या विषयावर प्रबंध लिहिणारे बहुतेक जण अभ्यासक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या एका साध्या सूत्राकडे जातात: नवी गोष्ट उपयोगाची वाटली आणि वापरायला सोपी वाटली की माणूस ती घेतो. पुढच्यांनी त्यात आणखी दोन गोष्टी घातल्या. आपली माणसं काय म्हणतात आणि आजूबाजूला सोय आहे का. सूत्र चुकीचं नाही. पण ते वापरणाऱ्या पाहण्या बहुतेक वेळा लोकांना ‘तुम्ही वापराल का?’ असं विचारतात आणि प्रश्नावली घेऊन आलेल्या पाहुण्याला नाही कोण म्हणतं? शिवाय नातेवाइकांचा प्रभाव हा पाचपैकी गुण देण्याचा मामला नसतो. मावशींच्या बाबतीत तो प्रभाव म्हणजे त्यांचा मुलगा. त्यानेच ॲप टाकलं, त्यानेच स्कॅनर आणून लावला.

आणि स्कॅनर त्याच्याच खात्याला जोडलाय.

मेथीचे माझे तीस रुपये मावशींच्या कानाशी येतात आणि मुलाच्या खात्यात जातात. संध्याकाळी त्या त्याच्याकडे मागतात. पूर्वी पैसे कमरेच्या पिशवीत असायचे, त्यातून नातवाला दहा रुपये द्यायला कुणाला विचारावं लागत नसे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत सुमारे ७९ टक्के स्त्रियांनी स्वतः वापरतो असं बँक खातं असल्याचं सांगितलं, पण स्वतः वापरतो असा मोबाइल असलेल्या ५४ टक्केच निघाल्या. या दोन आकड्यांच्या मधल्या फटीत अशा कितीतरी मावशी बसलेल्या आहेत. ‘किती लोकांनी स्वीकारलं’ हे मोजताना तो स्कॅनर कुणाच्या नावावर आहे हे मोजत नाहीत.

खातं किंवा स्मार्टफोन नसलेल्यांचा प्रश्न केनियाने वेगळ्या वाटेने सोडवला. तिथे मार्च २००७ मध्ये सफारीकॉम या मोबाइल कंपनीने एम-पेसा ही फोनवरून पैसे पाठवायची सेवा सुरू केली. पेसा म्हणजे स्वाहिलीत पैसा. हिंदी महासागरातल्या व्यापाराबरोबर आपलाच शब्द तिकडे गेला. स्मार्टफोन नको, बँक खातं नको, साधा फोन आणि मेसेज पुरे. नैरोबीत काम करणाऱ्याला गावी घरी पैसे पाठवायचे असत आणि एरवी ते बसच्या ड्रायव्हरबरोबर किंवा ओळखीच्या माणसाबरोबर जात. कंपनीने गल्लोगल्ली दुकानदारांना एजंट केलं. त्याच्याकडे रोख द्या, फोनमध्ये पैसे येतात. फोनमधले पैसे द्या, तो रोख देतो. तव्हनीत सूरी आणि विल्यम जॅक यांच्या २०१६ च्या अभ्यासानुसार एम-पेसामुळे केनियातली सुमारे दोन टक्के कुटुंबं दारिद्र्यातून वर आली, आणि परिणाम अधिक दिसला तो बाई कुटुंबप्रमुख असलेल्या घरांत. तेच नाव घेऊन भारतात आलेली सेवा मात्र २०१९ मध्ये गुंडाळली गेली. इथे खाती उघडत होती, यूपीआय फुकट होतं, मग मधल्या एजंटाला कमिशन कोण देणार?

आता उलटा प्रवास. कर्नाटकात जुलै २०२५ मध्ये वाणिज्य कर खात्याने यूपीआयच्या नोंदी पाहून हजारो छोट्या व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या. मालाची वर्षाची उलाढाल चाळीस लाखांवर गेली की नोंदणी लागते. काही दिवसांत बेंगळुरूतल्या टपऱ्यांवर पाट्या लागल्या, ‘यूपीआय नाही, फक्त रोख.’ नंतर सरकारने सबुरीची भाषा केली, पण बघा, जे रुळायला वर्षं लागली ते उलटायला एक नोटीस पुरली. व्यवहाराचा मागे ठसा उरणं हाच काहींना फायदा वाटतो आणि काहींना धोका. फेरीवाल्यांसाठीच्या स्वनिधी योजनेत कर्ज आणि डिजिटल व्यवहारांवर कॅशबॅक मिळतो, तिथे ठसा कामाचा. कांदा विकून आलेल्या शेतकऱ्याला विचारा. पैसे खात्यावर आले की जुन्या थकबाकीपोटी बँक ते तिथेच अडवेल ही त्याची धास्ती असते. त्याला तंत्रज्ञानाची भीती नाही, बँकेची आहे.

फसवणुकीची भीती तर आहेच, आणि ती अडाणीपणातून येते असं मला वाटत नाही. पाकीट मारलं गेलं तर पाकिटातले पाचशे जातात. फोनवर फसलो तर खात्यातलं सगळं जाऊ शकतं. म्हणून शहाणी माणसं एक वेगळं खातं काढून त्यात दोन-चार हजारच ठेवतात आणि ॲप त्यालाच जोडतात. ही युक्ती कुठल्या परिपत्रकात नव्हती, लोकांनीच शोधली. फसवणुकीची एक जुनी तऱ्हा अशी: ‘तुम्हाला पैसे पाठवतोय, पिन टाका.’ पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो, एवढं कळलं तरी निम्मं काम होतं. व्यक्तीने व्यक्तीकडे पैसे मागायची ती ‘रिक्वेस्ट’ची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंदच करण्यात आली. फसलात तर १९३० वर लगेच फोन करायचा.

पैसे कट होतात आणि समोर पोचत नाहीत, हा वेगळा ताप. माझे एका पेट्रोल पंपावर असेच ६४० रुपये अडकले. पंपावरचा मुलगा म्हणे आले नाहीत, फोन म्हणे गेले. शेवटी रोख देऊन सुटका करून घेतली. रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की दुकानदाराला केलेला व्यवहार असा फसला तर पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाचे शंभर रुपये भरपाई. माझे तिसऱ्या दिवशी आले. पण त्या दिवशी पर्समध्ये सातशे रुपये नसते तर? तेव्हापासून मी पाचशेच्या दोन नोटा पर्समध्ये ठेवते, आणि मी एकटी नाही. नोटबंदीच्या आधी देशात सुमारे अठरा लाख कोटींची रोकड फिरत होती. मार्च २०२४ मध्ये ती पस्तीस लाख कोटींच्या घरात होती. फोनचे व्यवहार वाढले, नोटाही वाढल्या. रोज लागणारे पैसे फोनमध्ये आणि अडीअडचणीचे डब्यात, अशी वाटणी घराघरांत झाली आहे.

मावशींची वाटणी मात्र उलटी आहे. दिवसभर पैसे फोनवर येतात आणि पहाटे मार्केटला माल उचलताना बऱ्याच ठिकाणी रोख मोजावी लागते. म्हणून संध्याकाळी पाचनंतर त्या ओळखीच्या गिऱ्हाइकाला हळूच विचारतात, ‘ताई, सुट्टे आहेत का? रोखच द्या ना.’

मी मेथी घेऊन निघत होते तेवढ्यात कॉलेजातला एक मुलगा आला. त्याला भाजी नको होती. ‘मावशी, पाचशे स्कॅन करतो, रोख द्याल? एटीएम बंद आहे.’ केनियातला एजंट हेच काम कमिशन घेऊन करतो. मावशींनी त्याला आपादमस्तक पाहिलं.

‘आणि पहाटे मार्केटला काय दाखवू रे, हा डबा?’

मुलगा ओशाळून हसला. शेवटी त्याने वीस रुपयांची कोथिंबीर घेतली आणि स्कॅन केलं. मग तिथेच उभा राहिला, डबा बोलेपर्यंत.